टांगेवाल्याचा नकार आणि न येणारी बस

दलित साहित्याच्या चर्चेत वेस, पाणवठा, देऊळ, चावडी या जागा वारंवार येतात. त्या येणे अपरिहार्यच आहे. आपल्या माणसाचे माणूसपण याच जागांवर नाकारले गेले, आणि विद्रोहाची पहिली ठिणगीही याच जागांवर पडली. पण गाव सोडून शहरात आलो की आपली समीक्षा झोपडपट्टी, चाळ, गिरणी आणि वेश्यावस्ती इथवर येऊन थांबते. त्या झोपडीतला माणूस कामावर कसा जातो, कशाने जातो, किती वेळ वाट पाहतो, हा प्रश्न नगररचनाकारांचा समजून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखात या सोडून दिलेल्या प्रश्नाचाच विचार करायचा आहे. माझे प्रतिपादन असे : मोटारीसाठी बांधल्या जाणाऱ्या शहरात रस्त्यावरची जुनी बंदी परत आली आहे. तिला आता नकार देणाऱ्या माणसाची गरज उरलेली नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही, आणि आपल्या साहित्यातही ती पुरेशी उतरलेली नाही.

१

या विषयाचा आद्य ग्रंथ बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटे आत्मकथनपर लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. त्यातल्या दोन मुख्य आठवणी प्रवासाच्या आहेत, याकडे आपल्या अभ्यासकांनी हवे तितके लक्ष दिलेले नाही.

पहिली आठवण १९०१ सालची. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. अंगावर चांगले कपडे आहेत, खिशात पैसे आहेत. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो. जात कळते आणि त्याचा चेहरा पालटतो. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या आहेत, पण एकही गाडीवान मुलांना न्यायला तयार नाही. शेवटी तोड निघते ती अशी की मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी स्वतः हाकायची, आणि गाडीवान बाजूने पायी चालणार.

दुसरी आठवण १९२९ सालची, चाळीसगावची. मुलगा आता बॅरिस्टर झाला आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा सदस्य आहे. तरी स्टेशनपासून महारवाड्यापर्यंत त्याला नेण्यास एकही टांगेवाला तयार होत नाही. पुन्हा तीच तोड : टांगा मिळेल, हाकणारा मिळणार नाही. महारवाड्यातला ज्याने कधी टांगा हाकला नाही असा माणूस लगाम धरतो. टांगा पुलावर उलथतो, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जातात आणि त्यांचा पाय मोडतो.

या प्रसंगावरचे बाबासाहेबांचे भाष्य दुहेरी आहे. एक बोट टांगेवाल्याकडे आहे. हलके काम करणारा टांगेवालाही बॅरिस्टर अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो. दुसरे बोट आपल्याच लोकांकडे आहे. पाहुण्याने पायी चालत जाणे त्यांना कमीपणाचे वाटले. त्याच्या प्रतिष्ठेसाठी त्यांनी टांग्याचा हट्ट धरला आणि प्रवाशाच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा, हे ते विसरले. या दुसऱ्या बोटाकडे मी लेखाच्या शेवटी परत येणार आहे.

२

स्वतंत्र भारताने टांगेवाल्याच्या नकाराला गुन्हा ठरवले. घटनेच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर सरकारी पैशातून राखलेले रस्तेही आहेत. १९५५ च्या अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यात सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. ज्यांनी हे शब्द लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर गाडीवान, टांगेवाला, हॉटेलवाला असा कोणीतरी ‘नाही’ म्हणणारा माणूस होता.

पण ज्या वस्तीत बसच येत नाही, तिथे कायदा काय करील? नाकारणारा कोणी नाही, म्हणून आरोपी नाही. आरोपी नाही, म्हणून गुन्हा नाही. थांबा आहे, खांबावर आकडे आहेत, खाली पन्नास माणसे उभी आहेत. त्यांना कोणीही जात विचारलेली नाही. बस आलेली नाही, एवढेच. कायद्याच्या भाषेत हे व्यवस्थापनातले दोष ठरतात. समाजशास्त्राच्या भाषेत त्याला काय म्हणायचे, हे त्या पन्नास माणसांची वस्ती कोणती, हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. एकेकाळी हे शहर सार्वजनिक वाहनांचे होते. १८७४ साली इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९२६ साली बस आली, आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, बेस्ट ही महापालिकेची झाली. १९६४ साली ट्राम बंद पडली, रूळ गेले आणि रस्ता मोटारींना मोकळा झाला. नव्वदच्या दशकात पन्नासाहून अधिक उड्डाणपुलांची योजना निघाली. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू आणि मार्चमध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. या तिन्ही मार्गांवर पायी चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. सुरक्षिततेचे कारण दिले जाते आणि ते खोटे नाही. प्रश्न असा की हजारो कोटींचा सार्वजनिक पैसा ज्या रस्त्यावर खर्च करायचा, तो मोटारीवाचून वापरता येणार नाही असाच का आखायचा? तिथून एखादी बस जाते म्हणून तो सर्वांचा होत नाही.

त्याच काळात बेस्टची अवस्था काय झाली? पंधरा वर्षांपूर्वी तिच्या मालकीच्या चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. आज स्वतःच्या गाड्या हजाराच्या आत आल्या आहेत, आणि कंत्राटदारांच्या भाडेतत्त्वावरच्या गाड्या मिळवल्या तरी जुना आकडा गाठला जात नाही. माणसे वाढली, शहर पसरले, बस आटली.

यातला क्रम नीट पाहण्यासारखा आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींसारख्या हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. सात महिन्यांच्या अंतराने घेतलेले हे दोन निर्णय शेजारी ठेवले, की शहराचे अर्थशास्त्र समजायला दुसऱ्या पुस्तकाची गरज नाही. मोटारवाल्याला दिली ती सवलत लोकहित ठरते. बसवाल्याला दिली ती तूट ठरते. भारत सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात मात्र वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवणे महत्त्वाचे, हे तत्त्व मान्य केलेले आहे. तत्त्व कागदावर उदार आणि व्यवहार कठोर, ही आपल्या समाजाची जुनीच रीत आहे.

३

आता या नगरीची भाषा पाहू, कारण भाषा तपासणे हे समीक्षेचे कामच आहे. ‘द्रुतगती मार्ग’, ‘मुक्तमार्ग’, ‘सिग्नलमुक्त प्रवास’ हे शब्द आपण रोज वाचतो. मुक्ती हा आमच्या विचारातला फार मोठा शब्द. तो आम्ही बुद्धाकडून आणि बाबासाहेबांकडून घेतला, आणि तो सर्वांचा मिळून आहे. नगररचनेच्या भाषेत मुक्त म्हणजे कोणासाठीही न थांबणारा. सिग्नलवर मोटार थांबते, तेव्हा पायी चालणारा रस्ता ओलांडतो. सिग्नल गेला की ओलांडण्याचा त्याचा हक्कही जातो. ‘वाहतूक कोंडी’ या शब्दातही हीच गोम आहे. कोंडी होते ती मोटारींची. खचाखच भरलेल्या बसमध्ये एका पायावर उभ्या असलेल्या बाईची कोंडी होते, असे वर्तमानपत्र लिहीत नाही. आणि तिसरा शब्द ‘अडथळा’. रस्त्याच्या आराखड्यात फेरीवाला अडथळा आहे, झोपडी अडथळा आहे, थांब्यावर बाहेरपर्यंत आलेली रांगही अडथळा आहे. दारात उभी केलेली खासगी मोटार तेवढी अडथळा नाही.

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचा उड्डाणपूल २०२१ साली खुला झाला. तो शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांच्या कडेने जातो. हा एम-पूर्व विभाग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत तळाशी होता. देवनारचा कचरा इथे, आणि रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांतून उठवलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसनही इथल्याच मानखुर्दच्या इमारतींत. ज्यांची घरे शहराची वाहतूक सुधारण्यासाठी पाडली, त्यांनाच वाहतुकीपासून लांब नेऊन ठेवले. पूल वरून जातो, माणसे खाली वाट पाहतात.

आणि घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर. या वस्तीच्या उशाशी पूर्व द्रुतगती महामार्ग आहे. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे कळल्यावर लोक या महामार्गावर उतरले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. गोळीबाराच्या समर्थनासाठी टँकर पेटवला जाण्याचे भय पुढे केले गेले. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले. आज त्याच वस्तीतली घरे घाटकोपर ते ठाणे अशा पूर्व मुक्तमार्गाच्या विस्तारासाठी हलवली जात आहेत. पुनर्वसनाच्या अटी चांगल्या की वाईट, हा स्वतंत्र विषय आहे. मला एवढेच नोंदवायचे आहे की या वस्तीचा आणि त्या रस्त्याचा संबंध दोनदा आला, आणि दोन्ही वेळा रस्त्याला वाट मोकळी करून द्यावी लागली ती वस्तीने.

४

साहित्याने या सगळ्याचे काय केले? प्रस्थापित मराठी साहित्यात बस आणि लोकल यांना जागा आहे, पण ती बहुधा गमतीची किंवा कौतुकाची. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ घ्या. एस.टी. एका म्हशीमुळे अडकते, आणि त्या खोळंब्यातून प्रवाशांचे आणि गावकऱ्यांचे नाना नमुने उभे राहतात. पुलंची निरीक्षणशक्ती असामान्य आहे आणि हसू येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो खोळंबा विनोदी वाटू शकतो, कारण लेखकाच्या आणि वाचकाच्या वेळेचे भाडे कोणी कापून घेणार नसते. उशिरा पोचल्यावर ज्या बाईचा खाडा धरला जातो, तिला त्या अडकलेल्या बसमध्ये हसू येईल का, हा प्रश्न त्या परंपरेला पडलेला नाही.

लोकलचे कौतुक याहून फसवे. तिथे सगळे समान, खांद्याला खांदा, जात-पात नाही, असे मध्यमवर्गीय लेखक सांगत आले. बाबूराव बागूल यांनी १९६३ सालीच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत याचे उत्तर दिले. तिथला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो. रेल्वे त्याला जात विचारत नाही. खोली देणारा विचारतो. डब्यातली समानता फलाटावर उतरेपर्यंतच टिकते. गर्दी ही समता नव्हे, हे बागुलांना कळले होते.

आमच्या आत्मकथनांत प्रवासाची नोंद आहे, आणि ती फार वेगळी आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये सगळा संसार गाढवाच्या पाठीवर आहे. तिथे प्रवास हेच घर. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मध्ये एस.टी. स्टँडला केवढे स्थान आहे! हमाली करणारे दादा आणि त्यांच्या सावलीत वाढणारा मुलगा. ज्याला बापाचे नाव नाही आणि गावात जागा नाही, त्याला सरकारी स्टँडचे छप्पर निवारा देते. सार्वजनिक जागेचे मोल याहून परखडपणे कोणत्या नगररचनाकाराने सांगितले आहे? अण्णा भाऊ साठे वडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईला चालत आले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते का चालत आले, हे मात्र फारसे सांगत नाही. तिकिटाला पैसे नव्हते.

पण १९९० नंतरच्या शहराचे काय? गिरण्या गेल्या, कारखाने गेले. आमची माणसे घरकाम, सफाई, सुरक्षारक्षकी आणि वस्तू पोचवण्याच्या कामांत विखुरली. गिरणीकामगार बहुधा गिरणीजवळ राहत होता, भोंगा ऐकून निघत होता. आजचा कामगार कामापासून लांब फेकला गेला आहे. त्याच्या आयुष्यातले रोजचे दोन-तीन तास रस्त्यावर जातात. हे तास आमच्या कथा-कादंबऱ्यांत फार थोडे आले आहेत. पात्र वस्तीत असते, पुढच्या परिच्छेदात ते कामावर पोचलेले असते. मधले अंतर लेखक गाळतो, आणि समीक्षकाला ते गाळलेले खटकत नाही.

मला ते खटकते, याचे कारण माझ्या वर्गात बसलेले आहे. सकाळच्या पहिल्या तासाला उशिरा येणारी मुले बहुतेक ठरलेल्या वस्त्यांतली असतात. दोन बस बदलून येणारी मुलगी दाराशी उभी राहून आत येऊ का विचारते, आणि हजेरीपटाच्या नियमात तिच्या थांब्याला रकाना नसतो. वर्षाअखेरी ७५ टक्क्यांचा हिशेब होतो आणि यादीत तिचे नाव लागते. शिक्षक म्हणतात, या मुलांना शिस्त नाही. राखीव जागेने तिला महाविद्यालयात प्रवेश दिला. महाविद्यालयापर्यंत आणून सोडण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही.

५

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा लढा आपण आपला मानत आलो. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. तो लढाही बसमधूनच पेटला होता. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी इथे रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला आणि ३८१ दिवस काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, मैलोगणती चालले. तिथे प्रश्न होता, बसमध्ये बसायचे कुठे?

ही कथा आपण इथेच थांबवतो. पुढची पायरी कमी लोकांना ठाऊक आहे. लॉस एंजेलिस हे मोटारीच्या शहराचे जगातले ठळक उदाहरण. तिथे बसने जाणारे बहुसंख्य लोक गरीब, काळे, लॅटिन अमेरिकी आणि आशियाई. १९९० नंतर त्यांनी बसप्रवाशांची संघटना बांधली. उपनगरांकडे जाणाऱ्या रेल्वेवर अफाट खर्च, आणि बसला खचाखच गर्दी व भाडेवाढ, हा वंशभेदच आहे, असे म्हणून ते १९९४ साली न्यायालयात गेले. १९९६ साली वाहतूक प्राधिकरणाला दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला. भाड्याला आवर घालणे, गर्दी कमी करणे आणि त्यासाठी बस वाढवणे या त्यातल्या अटी होत्या. इथे कोणी कोणाला जागेवरून उठवले नव्हते. बसमध्ये कुठे बसायचे, हा प्रश्न मागे पडून बस येते की नाही आणि तिच्यावर कोणाचा पैसा खर्च होतो, हा प्रश्न पुढे आला होता. माँटगोमेरीहून लॉस एंजेलिसपर्यंतचे हे वैचारिक अंतर तिथल्या चळवळीने चाळीस वर्षांत कापले. चाळीसगावहून मानखुर्दपर्यंतचे अंतर आपण अजून कापलेले नाही.

६

ते का कापले नाही, याचे उत्तर कडू आहे. त्यासाठी बाबासाहेबांच्या त्या दुसऱ्या बोटाकडे पाहावे लागते. आमच्या पिढीत घरातली पहिली पदवी आणि घरातली पहिली मोटारसायकल पुष्कळदा पाठोपाठ आल्या. पुढे कर्ज काढून मोटार आली. मोटार घेतली की थांब्याशी असलेला संबंध संपतो, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाशीही. शिकलेल्या, बोलू शकणाऱ्या, अर्ज लिहू शकणाऱ्या माणसांनी बस सोडली. मग बससाठी बोलणार कोण?

यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्याच्या पूर्वजाला गाडीवानाने गाडीत घेतले नाही, ज्याच्या भावाच्या वरातीतला घोडा आजही गावगुंड अडवतात, त्याने स्वतःचे वाहन घेऊ नये, असे सांगणारे तुम्ही कोण? आक्षेप खरा आहे. वाहन ही आमच्यासाठी चैन नाही, मानाची गोष्ट आहे. १८९३ साली त्रावणकोरात अय्यनकाळी स्वतःच्या बैलगाडीत बसून बंदीच्या रस्त्यावरून गेले, तो विद्रोहच होता. परंतु अय्यनकाळींनी गाडी हाकली ती सार्वजनिक रस्ता सर्वांना खुला व्हावा म्हणून. आपल्यापुरता रस्ता कापून पुढे निघून जाण्यासाठी नव्हे. चाळीसगावच्या लोकांनी मान राखण्यासाठी टांगा आणला आणि प्रवासी जायबंदी झाला. आज आपण मान राखण्यासाठी मोटार घेतो, आणि जायबंदी होते ती मागे राहिलेली वस्ती.

महाडला १९२७ साली बाबासाहेबांना आपल्या लोकांसाठी वेगळी विहीर मागता आली असती. पाण्याची सोय झाली असती, प्रश्न मिटला असता. त्यांनी चवदार तळेच मागितले, कारण ते सार्वजनिक होते. सार्वजनिक म्हणवणाऱ्या गोष्टीत आपला वाटा मान्य करवून घेणे, हे त्या सत्याग्रहाचे मर्म. खासगी मोटार ही वेगळी विहीर आहे. ती ज्याला परवडते त्याने जरूर खणावी; तिला तळे समजू नये.

तेव्हा मागणी सरळ आहे. ज्या रस्त्यावर सरकारी पैसा खर्च होतो, त्याच्या आराखड्यात पहिला हिशेब पायी चालणाऱ्याचा आणि बसचा मांडला पाहिजे. पुनर्वसनाची इमारत ताब्यात देण्याआधी तिथे बस सुरू झाली पाहिजे. कोणत्या वस्तीला किती बस मिळते, हे जसे नळाचे पाणी मोजतो तसे मोजून जाहीर झाले पाहिजे. आमच्या संघटनांनी जयंतीच्या वर्गणीइतक्याच नेमाने थांब्यावरच्या फेऱ्यांची नोंद ठेवली, तर लॉस एंजेलिसच्या प्रवाशांना जे साधले ते आपल्यालाही साधेल.

लेखकांकडे मागणे आणखी साधे आहे. पात्राला वस्तीतून कामावर नेताना मधला परिच्छेद गाळू नये. ते थांब्यावर किती वेळ उभे होते, ते लिहावे. आणि समीक्षकाने यापुढे शहराची कोणतीही कादंबरी हाती घेतली, की तिच्यातली माणसे घरी कशाने परततात, हे एकदा विचारून पाहावे.